पावसाचं माप कुणाच्या वहीत?

तालुक्याच्या तहसील कचेरीच्या आवारात, बहुधा मागच्या बाजूला, तारेच्या कुंपणात एक बुटकं भांडं असतं. वर नरसाळं, आत बाटली, खाली सिमेंटचा ओटा. जाता-येता कुणाचं त्याकडे लक्ष जात नाही. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता कचेरीतलं कुणी तरी येतं, बाटलीतलं पाणी काचेच्या अरुंद मोजपात्रात ओततं, डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचतं आणि वहीत टिपतं. पुढे तोच आकडा वर्तमानपत्रात ‘गेल्या 24 तासांतील पाऊस’ या चौकटीत छापून येतो. चहा पिता पिता आपण तो वाचतो आणि पान उलटतो.

अमुक गावी 50 मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे किती पाणी पडलं? हा प्रश्न मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांना विचारला. त्यांत शिकलेली माणसं होती, शेती करणारी होती, पाणी विकत घेणारीही होती. उत्तर क्वचितच मिळालं. ते खरं तर सोपं आहे. पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, उडून गेलं नाही, तर सपाट जमिनीवर ते जेवढ्या उंचीचं उभं राहील, तेवढा पाऊस. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर बहुधा एवढाच असतो. म्हणजे 50 मिलिमीटरांच्या एका सरीत प्रत्येक हेक्टरावर पन्नास टँकर ओतले गेलेले असतात. हा हिशेब पहिल्यांदा मांडला त्या दिवसापासून वर्तमानपत्रातली ती चौकट मला वेगळी दिसू लागली, आणि हे भांडं आलं कुठून, याचा शोध घ्यावासा वाटला.

शोध घेताना पहिला मुक्काम पडतो तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. हा ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. मधली कित्येक शतकं तो हरवल्यासारखाच होता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींना त्याची पोथी मिळाली आणि 1909 मध्ये त्यांनी ती छापली. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी 1960 पासून तीन भागांत तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथात पावसाचं भांडं येतं ते कोठाराच्या वर्णनात. राज्याच्या धान्यकोठारापाशी एक अरत्नी, म्हणजे साधारण दीड फूट, रुंद तोंडाचं कुंड पावसाच्या मापासाठी बसवावं, असं तिथे सांगितलं आहे. भांडं शेतात नाही, देवळात नाही, थेट कोठारापाशी. पाऊस किती झाला यावर पीक किती येणार हे ठरतं आणि पिकावर राजाचा वाटा ठरतो. आपल्याकडच्या पावसाच्या मापाची ही सगळ्यांत जुनी लेखी नोंद, आणि ती वसुलीच्या खात्यातली आहे.

तरीही त्या नोंदीपुढे मी थबकतो, कारण ज्यानं ती लिहिली त्याला आकडा वाचता येत होता. शेतीवरच्या अधिकाऱ्यासाठी, म्हणजे सीताध्यक्षासाठी, लिहिलेल्या प्रकरणात कोणत्या मुलखात किती पाऊस पुरेसा याची मापं दिली आहेत, द्रोण या जुन्या मापात. कोरड्या जांगल प्रदेशाचं माप वेगळं, पाणथळ प्रदेशाचं त्याच्या दीडपट. पुढे मुलखांची नावं येतात. अवंतीचं, म्हणजे उज्जैनकडचं, माप मोठं. अश्मकाचं त्याच्या जवळपास निम्मं. अश्मक हा गोदावरीकाठचा मुलूख. आजच्या तेलंगणापासून मराठवाड्यापर्यंतचा भाग इतिहासकार त्यात धरतात. आणि अपरान्ताचं, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचं, माप? तिथे आकडाच नाही. ‘अमित’ एवढाच शब्द. मोजता येणार नाही इतका. मराठवाड्यात पाऊस बेताचा आणि कोकणात बेसुमार, ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी भांडं मांडून लिहून ठेवली होती, हे वाचताना अंगावर शहारा येतो.

त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. नुसता एकूण पाऊस पुरा झाला म्हणजे साल चांगलं, असं ग्रंथकार म्हणत नाही. पावसाळ्याच्या पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पडला, तर ते साल चांगलं. पाऊस किती पडला याच्या जोडीला तो कधी पडला हेही हवं, आणि त्यावरून कोणतं बी पेरायचं ते ठरवायचं. आज जूनमध्ये धो धो, मग तीन आठवडे कोरडा खंड, मग सप्टेंबरात कापणीच्या तोंडावर पुन्हा धो धो, आणि हंगामाअखेर बातमी काय, तर सरासरीच्या शंभर टक्के पाऊस झाला! ज्याचं सोयाबीन आधी वाळलं आणि मग सडलं, त्याला हे शंभर टक्के काय सांगणार?

सहाव्या शतकात उज्जैनच्या परिसरातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत हातभर रुंदीच्या कुंडानं पाऊस मोजायला सांगितलं. माप पल, आढक, द्रोण. पुढे काय झालं? पंचांगाच्या संवत्सरफलात आजही पाऊस आढकांत सांगतात. समुद्रावर इतके, डोंगरावर इतके, जमिनीवर इतके. शब्द टिकला, भांडं मात्र हरवलं. जे माप पाऊस पडून गेल्यावर घ्यायचं, ते पाऊस पडण्याआधी चैत्रात वाचायचं भविष्य होऊन बसलं. आपल्या ज्ञानपरंपरेतली ही मोठी हानी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्यानं मात्र मोजणं कधीच सोडलं नव्हतं. त्याचं भांडं म्हणजे जमीनच. पाऊस उघडला की तो बांधावर जातो, कुदळीनं माती उकरतो आणि ओल कुठवर गेली ते बघतो. चार बोटं, वीतभर, हातभर. मग वाफशाची वाट बघतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त अशी नक्षत्रं त्याच्या हिशेबाचे रकाने. कोणत्या रकान्यात पाऊस भरला आणि कोणता कोरडा गेला, हे त्याला वीस वर्षांमागचंही आठवतं. बहात्तर सालच्या दुष्काळाबद्दल कुणा म्हाताऱ्याशी बोलून बघावं, तो नक्षत्रवार सांगतो. ओलीच्या या मापात एक असा गुण आहे की जो तहसीलच्या भांड्यात नाही: पडलेल्या पाण्यापैकी पिकाच्या मुळाशी किती पोचलं, ते त्यातून कळतं. उणीवही एकच, आणि तीच घातक ठरली. ते कुठे लिहिलेलं नसतं. कचेरीत साहेबापुढे वीतभर ओल पुरावा म्हणून ठेवता येत नाही.

बाहेरच्या जगाचा एक फेरफटका इथे मारायला हवा, कारण आपल्या तहसिलातलं भांडं तिकडून आलं. कोरियात सेजोंग राजाच्या काळात, 1441 मध्ये, लोखंडी पर्जन्यमापक तयार झाला. पुढच्या वर्षी त्याचं माप ठरवून तो गावोगावच्या अधिकाऱ्यांकडे पाठवला गेला. तिथेही मागे जमीनमहसूलच होता. इटलीत बेनेदेत्तो कास्तेल्ली यानं 1639 मध्ये भांड्यानं पाऊस मोजला आणि तसं गॅलिलिओला कळवलं. इंग्लंडात 1769 मध्ये विल्यम हेबर्डन या डॉक्टरचं एक निरीक्षण प्रसिद्ध झालं. त्यानं तीन भांडी मांडली होती. एक बागेत जमिनीवर, एक घराच्या छपरावर, एक वेस्टमिन्स्टर ॲबीच्या उंच माथ्यावर. वर्षभरात ॲबीच्या भांड्यात बागेतल्यापेक्षा जवळपास निम्माच पाऊस जमला. आभाळ तेच, पाऊस तोच, पण उंचावरचा वारा थेंब भांड्याच्या बाहेर उडवत होता. भांडं कुठे ठेवलं याची चौकशी केल्याशिवाय आकड्यावर विसंबू नये, हे त्यातून सिद्ध झालं. म्हणून तर आजही नियम आहे की भांड्याचं तोंड जमिनीपासून फूटभर उंचीवर हवं, आणि जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ते हवं.

आपल्या कचेऱ्यांत पिढ्यान् पिढ्या दिसलेलं पाच इंच व्यासाचं भांडं ज्याच्या नावानं ओळखलं जातं, तो जॉर्ज जेम्स सायमन्स. त्यानं 1860 मध्ये ब्रिटनमध्ये पाऊस मोजणाऱ्यांचं एक जाळं उभं करायला घेतलं. सरकारी नोकर नव्हेत, हौशी माणसं. पाद्री, जमीनदार, डॉक्टर, शाळामास्तर. तो वारला तेव्हा त्यांची संख्या तीन हजारांवर गेली होती. रोज सकाळी आपापल्या अंगणात जाऊन आकडा लिहायचा आणि तो सगळ्यांसाठी छापायचा, एवढंच काम.

भांडं भारतात आलं, पण ते अंगण आलं नाही. इथे ते थेट कचेरीत गेलं. मुंबईची कुलाबा वेधशाळा 1826 ची. तिथे 1841 पासून हवामानाच्या नियमित नोंदी आहेत. 1864 च्या वादळानं कलकत्त्याची दाणादाण केली, 1866 आणि 1871 मध्ये पावसानं दगा दिला, आणि 1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. एच. एफ. ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख. त्या खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या चौकाला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते त्यामुळेच. हे खातं स्थापन झालं त्याच 1875 मध्ये, मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. सारा रोखीत ठरलेला, तीस-तीस वर्षांसाठी. पाऊस पडो न पडो, तो भरायचा, प्रसंगी कर्ज काढून. पाऊस मोजायला सुरुवात झाली होती, पण पाऊस ज्याच्या शेतावर पडला होता त्याच्या बाजूनं तो आकडा बोलत नव्हता.

तो बोलता करण्याचा पहिला मोठा प्रयत्न 1896 च्या दुष्काळात झाला. सरकारची दुष्काळसंहिता होती, पण ती इंग्रजीत, अधिकाऱ्यांसाठी. टिळकांच्या ‘केसरी’नं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं तिच्यातल्या तरतुदी मराठीत लोकांपुढे ठेवल्या. सभेची माणसं गावोगाव गेली. पीक किती आणे आलं, किती बुडालं तर सारा तहकूब करायचा, दुष्काळी कामं कधी काढायची, हे रयतेला समजावून सांगितलं. मी याला आकडा वाचायला शिकवण्याची मोहीमच म्हणेन. सोळा आण्यांपैकी आपलं पीक किती, हे सांगता आलं की मागणी करता येते. ते सांगता आलं नाही तर फक्त विनवणी उरते. सरकारला हे चांगलंच कळलं. 1897 मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली.

सोळा आण्यांत पीक मोजण्याच्या या आणेवारीची पुढे पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पीक आलं की टंचाई. पैसेवारी हा शब्द आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. ती काढायची रीत किती जणांना पाठ आहे? पीक कापणी प्रयोग कोणत्या शेतात झाला, कोण हजर होतं, माप कुणी लिहिलं? गावच्या सभेत हे प्रश्न मी फार थोड्या वेळा ऐकले. निकाल लागल्यावरचा संताप मात्र नेहमी ऐकला.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे उलटं केलं. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, बांधबंदिस्ती, पाझर तलाव या कामांबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. गावानं पर्जन्यमापक बसवले, निरीक्षणाच्या विहिरी ठरवल्या आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला. पाऊस किती पडला, किती मुरला, किती वाहून गेला. माणसांना किती, जनावरांना किती, आणि ते बाजूला काढल्यावर पिकाला किती उरलं. गावचं शिवार हजार हेक्टरांच्या जरा आतलं. एखाद्या वर्षी 400 मिलिमीटर पाऊस झाला असं धरलं, तर हजार हेक्टरांवर 400 कोटी लिटर पाणी पडतं. ऐकायला अफाट. पण ऊस वर्षाकाठी दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी पितो, हा दुसरा आकडा त्याच्या शेजारी ठेवला की डोळे उघडतात. चारशे मिलिमीटरांच्या गावात उसाच्या एका हेक्टरासाठी चार ते सहा हेक्टरांवरचा सगळा पाऊस लागणार. त्यातलाही बराचसा उडून आणि वाहून जाणार. हिवरे बाजारनं ऊस आणि केळी नको असं ठरवलं, शेतीसाठी कूपनलिका नको असं ठरवलं. हे कुणा साहेबाचं फर्मान नव्हतं. ग्रामसभेत आकडे वाचून दाखवले गेले आणि हात वर झाले.

इथे भांडं पहिल्यांदा अंगणात आलं, असं मला वाटतं. पुढे पाणलोटाच्या कामात पुष्कळ गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडला. 2019 मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत तर तो गावच्या भिंतीवर रंगवायचा भागच होता. रंगवलेल्या भिंती मी पाहिल्या आहेत. काही गावांत जमा-खर्चाचा आकडा दरवर्षी पुसून नवा लिहितात. काही गावांत रंग उडालेला आहे आणि साल जुनं आहे. गाव आकडा वाचतं की नाही, हे त्या भिंतीपुढे उभं राहिलं की लगेच समजतं.

आता महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. महावेध प्रकल्पात राज्यात अशी दोन हजारांवर केंद्रं उभी राहिली. दर काही मिनिटांना नोंद होते, फोनवर दिसते. पण मंडळात अनेक गावं, आणि केंद्र एकच. चोवीस तासांत 65 मिलिमीटरांवर पाऊस झाला तर अतिवृष्टी. केंद्रावर 58 भरला आणि चार किलोमीटरवरच्या शिवारात बांध फुटले, तर कागदावर अतिवृष्टी नाही. या अंतराला कुणी सहज हसू नये. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 73. एकच शहर, एकच दिवस. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर आणि घाट उतरून वाईला त्याचा सातवा-आठवा हिस्सा, हे तर आपण शाळेतच शिकतो. तरी ‘तालुक्यात एवढा पाऊस’ असं वाचलं की सगळ्या तालुक्यावर तो सारखाच पसरल्यासारखा वाटतो.

सांताक्रूझचा 944 चुकीचा नाही, कुलाब्याचा 73 ही नाही. दोन्ही आपापल्या भांड्यापुरते खरे. त्यांची सरासरी काढली तर पाचशेच्या वर येईल, आणि त्या दिवशी तेवढा पाऊस या दोन्हींपैकी कुठेच पडलेला नव्हता.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझी एक विनंती आहे. घर शेतावर असो की चौथ्या मजल्यावर, गच्ची किंवा अंगण मिळत असेल तर यंदा सरळ उभ्या कडांचं, तळ सपाट असलेलं एक भांडं उघड्यावर ठेवा. भिंतीपासून, झाडापासून दूर. रोज सकाळी साडेआठ वाजता साधी पट्टी उभी धरून पाण्याची उंची मोजा आणि भांडं रिकामं करा. साडेआठला मोजलेला पाऊस बहुतांशी कालचा असतो, हे ध्यानात ठेवा. वर्तमानपत्रातली चौकट शेजारी ठेवून दोन्ही आकडे एका वहीत लिहा. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. शेतकरी असाल तर तिसऱ्या रकान्यात ओल किती गेली तेही लिहा, वितीत लिहिलं तरी चालेल. सुरुवात 7 जूनपासून करा. ज्या दिवशी पाऊस पडला नाही, त्या दिवशी शून्य लिहा. जागा रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेवरून पुढे कुणालाच कळणार नाही की त्या दिवशी पाऊस नव्हता, की आपण मोजायला विसरलो होतो.